एक लक्ष बेचाळीस हजार आठशें सत्तावन्न

गेल्या जून महिन्यांत, शाळा उघडून दोनच दिवस झाले असतां, एक शेतकरी गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलीस पांचवीच्या वर्गांत दाखल करण्यासाठीं आमच्याकडे आले. घाटंजीकडील एका खेड्यांतून ते आले होते. आम्हीं त्यांस ओळखलें नाहीं; त्यांनीं मात्र आम्हांस ओळखलें. मुलीचें नांव नोंदवून झाल्यावर ते दाराशीं क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "सर, त्या सातच्या भागाकाराचं कारण सांगायचं राहिलं होतं." तेव्हां वीसबावीस वर्षांपूर्वींचा सारा प्रसंग आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला, आणि आम्ही ओशाळलों.

अध्यापनाचें आमचें तें पहिलेंच वर्ष होतें. सातवीच्या वर्गास दशांश अपूर्णांक शिकवीत असतां आम्हीं फळ्यावर १ भागिले ७ हें उदाहरण घातलें आणि दोन स्थळांपर्यंत भागाकार काढण्यास सांगितलें. सर्व मुलांनीं ०.१४ असें उत्तर लिहून लेखणी खालीं ठेवली. हेच गृहस्थ त्या वेळीं तेरा वर्षांचे विद्यार्थी होते. त्यांनीं मात्र भाग देणें थांबविलें नाहीं. वहीचें एक संबंध पान १४२८५७, १४२८५७ या अंकांनीं भरून टाकलें, आणि वही आमच्यापुढें धरून विचारलें कीं, हे अंक पुन्हां पुन्हां कां फिरतात? उत्तर आम्हांस ठाऊक होतें. परंतु तास संपत आला होता, अभ्यासक्रम मागें पडला होता, आणि नव्या शिक्षकास शिस्तीची जी अवास्तव काळजी असते ती आम्हांसहि होती. आम्हीं त्या पानावर तांबड्या शाईची तिरपी रेघ ओढली व खालीं 'दोन स्थळें पुरेत' असा शेरा दिला. पुढें नववीनंतर घरच्या शेतीमुळें त्यांचें शिक्षण खुंटलें. प्रश्न मात्र त्यांच्याजवळ तसाच राहिला. प्रस्तुत लेख ही त्या जुन्या ऋणाची फेड आहे. ती सर्व विद्यार्थ्यांसमक्ष व्हावी म्हणून वार्षिकांतील ही चार पानें आम्हीं मागून घेतलीं.

आतां तो भागाकार सावकाश मांडून पाहूं. १ मध्यें ७ जात नाहींत, म्हणून शून्य देऊन १० केले. दहांत सात एकदां, बाकी ३. तिसांत सात चारदां, बाकी २. विसांत दोनदां, बाकी ६. साठांत आठदां, बाकी ४. चाळिसांत पांचदां, बाकी ५. पन्नासांत सातदां, बाकी १. येथें आपण जेथून निघालों तेथेंच परत आलों. बाकी पुन्हां १ आली, म्हणजे पुढचें पाऊल पहिल्यासारखेंच पडणार, दुसरें दुसऱ्यासारखेंच पडणार, आणि १, ४, २, ८, ५, ७ हे अंक त्याच क्रमानें येत राहणार.

हें फिरणें टळणार तरी कसें? सातानें भागतांना बाकी सातांहून लहानच असली पाहिजे. शून्य बाकी येणार नाहीं, कारण १०, १००, १००० इत्यादि संख्यांस ७ नें निःशेष भाग जात नाहीं. तेव्हां १ पासून ६ पर्यंत सहाच बाक्या संभवतात. सहा पावलांनंतर त्यांतील एखादी पुन्हां येणेंच प्राप्त आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो. वार सातच असल्यामुळें आठव्या दिवशीं पहिला वार परत येतो. त्याबद्दल कोणी आश्चर्य करीत नाहीं. बाक्यांचेंहि तसेंच आहे.

या सहा अंकांची मिळून जी संख्या होते, ती एक लक्ष बेचाळीस हजार आठशें सत्तावन्न. हिला क्रमानें १ ते ६ या संख्यांनीं गुणून पाहा:

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

सहाहि उत्तरांत तेच सहा अंक, आणि त्यांचा क्रमहि तोच. केवळ आरंभ निराळा. अंक वर्तुळावर मांडले तर कोठून वाचावयास लागावें एवढाच काय तो फरक. अशा संख्येस चक्रीय संख्या म्हणतात. कारण वरच्या भागाकारांतच आहे. तीन भागिले सात हें उदाहरण घेतलें, तर आपण बाकी ३ पासून आरंभ करतों, आणि ३ ही बाकी मूळच्या भागाकारांत वाटेवर भेटलेलीच आहे. म्हणून तेथून पुढचे अंक, ४, २, ८, ५, ७, १, हेंच उत्तर. सहाहि बाक्या एकाच वाटेवर भेटतात, म्हणून सहाहि गुणाकार एकाच कुळांतले. प्रत्येक भाजकाच्या दैवीं असें नसतें. १ भागिले १३ केल्यास ०७६९२३ हे सहा अंक फिरतात, परंतु २ भागिले १३ केल्यास १५३८४६ हें निराळेंच चक्र निघतें. तेराच्या बारा बाक्या दोन वाटांवर सहा सहा अशा वांटल्या गेल्या आहेत.

आणि सातानें गुणिलें तर? १४२८५७ × ७ = ९९९९९९. ही एक ओळ ध्यानांत ठेवावी. पुढील बहुतेक कुलपांची किल्ली हीच आहे.

संख्येचे गुण दोन प्रकारचे असतात. कांहीं तिचे स्वतःचे, ती कशीहि लिहिली तरी न बदलणारे. कांहीं तिच्या लेखनाचे, म्हणजे आपण दहांच्या पटीनें मोजतों म्हणून दिसणारे. मनुष्य आणि त्याचा पेहराव यांत जो भेद, तोच हा. प्रथम स्वतःचे गुण घेऊं.

आमची संख्या विषम आहे आणि संयुक्त आहे. तिचे मूळ अवयव काढणें कठीण नाहीं. ९९९९९९ म्हणजे ९९९ × १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. यांतील ७ काढून टाकला कीं आमची संख्या उरते; अर्थात् १४२८५७ = ९९९ × १४३. ९९९ चे अवयव ३ × ३ × ३ × ३७ होत. १४३ चे ११ × १३. म्हणून १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. यावरून तिचे विभाजक किती हें न मांडतां सांगतां येतें. एखाद्या विभाजकांत ३ हा अवयव शून्य, एक, दोन किंवा तीन वेळां, असा चार प्रकारांनीं येईल. ११, १३ व ३७ यांपैकीं प्रत्येक एक तर येईल किंवा येणार नाहीं. ४ × २ × २ × २, म्हणजे बत्तीस विभाजक.

प्राचीन ग्रीक गणिती विभाजकांच्या बेरजेवरून संख्यांची प्रतवारी करीत. संख्या स्वतः वगळून तिच्या इतर विभाजकांची बेरीज करावयाची. ६ चे विभाजक १, २, ३; बेरीज नेमकी ६, म्हणून ६ ही परिपूर्ण संख्या. १२ ची बेरीज १६, म्हणजे संख्येहून अधिक, म्हणून ती विपुल. आमच्या संख्येची अशी बेरीज ११२५०३ भरते. ती संख्येहून कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या. बत्तीस विभाजकांचा परिवार असूनहि तिची भरपाई होत नाहीं!

आतां पेहरावाचे गुण. १४२ आणि ८५७ मिळून ९९९ होतात. कारण संख्या ९९९ × १४३ आहे, म्हणजे १४३ हजारांतून १४३ वजा. हजारांच्या घरांत एक कमी होऊन १४२ राहतात, आणि खालीं १००० उणें १४३, म्हणजे ८५७. असे गुण शोधून त्यांस नांवें देण्यांत एका महाराष्ट्रीय शिक्षकानें आपलें सारें आयुष्य वेंचलें. त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय पुढें जातां येणार नाहीं.

यवतमाळहून मुंबईस जाणारे पुष्कळ लोक धामणगांवास गाडी धरतात. त्याच लोहमार्गावर, नाशिक रोडच्या पुढें, देवळाली हें स्थानक लागतें. तेथील शाळेंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत गणिताचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें, आणि १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढील पदवी त्यांनीं घेतली नाहीं. विद्यापीठांत त्यांस आसन नव्हतें. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढेंच त्यांचें साहित्य. १९४९ सालीं त्यांस ६१७४ या संख्येचा गुण आढळला, आणि आज ती 'कापरेकर स्थिरांक' या नांवानें देशोदेशीं ओळखली जाते. चार अंकी कोणतीहि संख्या घ्यावी, मात्र चारहि अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या व चढत्या क्रमानें लिहून मोठींतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हां पुन्हां करावी. सात पावलांच्या आंत ६१७४ येऊन ठेपते, आणि मग हालत नाहीं.

कापरेकरांनीं संख्यांचे जे वर्ग पाडले, त्यांतील तीन कसोट्यांवर आपली संख्या घांसून पाहूं.

पहिली कसोटी हर्षद संख्येची. संस्कृत शब्दाचा अर्थ आनंद देणारी. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो ती हर्षद. हार्डी व रामानुजन यांच्या संभाषणामुळें प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या अशीच आहे; तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज २७; आणि २७ × ५२९१ = १४२८५७. पहिल्या कसोटीस ती उतरली.

दुसरी कसोटी कापरेकर संख्येची. संख्येचा वर्ग करावा, त्याचे दोन तुकडे पाडावे, आणि त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी यावी. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. आमच्या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडील सहा अंक तोडले तर तुकडे २०४०८ आणि १२२४४९. त्यांची बेरीज १४२८५७!

येथें आश्चर्य करून थांबणें म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणें होय. कारण शोधूं. वर्गांतून संख्या वजा केली तर १४२८५७ × १४२८५६ उरतात. यांतील १४२८५६ म्हणजे ७ × २०४०८. म्हणून हा गुणाकार १४२८५७ × ७ × २०४०८, म्हणजेच ९९९९९९ × २०४०८ असा झाला. ध्यानांत ठेवलेली किल्ली येथें लागली. ९९९९९९ नीं गुणणें म्हणजे दहा लक्षांनीं गुणून एकदां वजा करणें. अर्थात् वर्ग म्हणजे २०४०८ वेळां दहा लक्ष, उणें २०४०८, अधिक १४२८५७. डावा तुकडा २०४०८, उजवा तुकडा १४२८५७ उणें २०४०८. दोहोंची बेरीज १४२८५७ न होईल तर काय होईल?

तिसरी कसोटी सर्वांत सूक्ष्म, स्वयंभू संख्येची. कोणत्याहि संख्येंत तिच्या अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्यें २ व १ मिळविले म्हणजे २४ होतात; म्हणून २१ ही २४ ची जनक. परंतु २० ची जनक अशी संख्या कोणतीहि नाहीं. जिला जनक नाहीं ती स्वयंभू. या वर्गास देवळाली संख्या असेंहि नांव आहे. एका लहानशा गांवाचें नांव अशा रीतीनें गणितांत कायमचें कोरलें गेलें.

१४२८५७ ला जनक आहे काय? सहा अंकांची बेरीज फार तर सहा नवे ५४ होईल. म्हणून जनक असलाच तर तो १४२८०३ च्या अलीकडे नाहीं. शिवाय कोणतीहि संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांस ९ नें भागल्यास बाकी एकच उरते. आमच्या संख्येस ९ नें भाग जातो. म्हणून जनकाच्या दुपटीस, आणि अर्थात् जनकासहि, ९ नें भाग गेला पाहिजे. एवढ्या विचारानें चौपन्न उमेदवारांतून सहाच उरले:

१४२८०३ + १८ = १४२८२१
१४२८१२ + १८ = १४२८३०
१४२८२१ + १८ = १४२८३९
१४२८३० + १८ = १४२८४८
१४२८३९ + २७ = १४२८६६
१४२८४८ + २७ = १४२८७५

एकाचेंहि उत्तर १४२८५७ नाहीं. आमची संख्या स्वयंभू ठरली. हर्षद, कापरेकर आणि स्वयंभू हीं तिन्ही नांवें धारण करणारी ही संख्या तेरा वर्षांच्या मुलाच्या वहींत, तांबड्या रेघेखालीं, इतकीं वर्षें पडून होती.

या साऱ्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. कापरेकरांसहि हा प्रश्न ऐकावा लागला. आपल्याच देशांतील कित्येक गणितज्ञ त्यांचें काम क्षुल्लक म्हणून हंसत. आक्षेपांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. हे गुण पुष्कळ अंशीं पेहरावाचे आहेत. आठांच्या पटीनें मोजणारा समाज असता, तर त्याच्या लेखनांत १ भागिले ७ याचें उत्तर दशांशचिन्हासारख्या चिन्हापुढें नुसते १, १, १ असें आलें असतें, आणि आमची नायिका जन्मासच आली नसती. तथापि त्या गुणांचीं कारणें शोधतांना आपण काय काय वापरलें तें पाहा: बाक्यांचें फिरणें, मूळ अवयव, नवांची कसोटी. यांतील पहिलीं दोन कोणत्याहि लेखनांत खरींच राहतात. मार्च १९७५ मध्यें अमेरिकेंतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत मार्टिन गार्डनर यांनीं कापरेकरांच्या कामाविषयीं लिहिलें, आणि देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचें नांव जगभर गेलें. १९८६ सालीं ते वारले. ज्यास केवळ पदवी पाहून माणूस तोलण्याची संवय आहे, त्यानें हें चरित्र अवश्य आठवावें.

आतां फेडीची हकीकत. जुलैमध्यें आम्हीं सातच्या भागाकाराचें कारण एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहिलें आणि त्या मुलीबरोबर तिच्या वडिलांकडे धाडलें. दुसऱ्या आठवड्यांत तोच कागद परत आला. मागील बाजूस पेन्सिलीनें १ भागिले १७ हा भागाकार मांडलेला होता. ०५८८२३५२९४११७६४७ असे सोळा अंक बिनचूक निघाले होते, आणि सतरावें पाऊल पुन्हां शून्यापासून सुरू होत होतें. खालीं लिहिलें होतें: "सर, सतराचंही पूर्ण फिरतं. असे आकडे किती आहेत?"

७, १७, १९, २३, २९ हे असे भाजक होत. ते अनंत असावेत असें ज्यावरून निघतें तें अनुमान एमिल आर्टिन या गणितज्ञानें १९२७ सालीं मांडलें. परंतु तें निर्विवाद सिद्ध करणें अद्याप कोणासहि साधलेलें नाहीं. म्हणजे घाटंजीकडील एका शेतकऱ्यानें, दिवसभराचें काम आटोपून, पाटीपेन्सिलीच्या गणितावरून जो प्रश्न केला, तो जगांतील गणितज्ञांच्या उंबरठ्यापाशीं जाऊन उभा राहिला. आम्हीं त्यांस तसें कळविलें. या खेपेस तांबडी शाई वापरली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं तीन उदाहरणें ठेवतों. पहिलें, ७०३ ही कापरेकर संख्या आहे काय, आणि असल्यास कां? दुसरें, १ ते १०० मध्यें स्वयंभू संख्या तेरा आहेत, त्या शोधा. तिसरें, १ भागिले १९ करा, आणि दोन स्थळांवर थांबूं नका. उत्तराबरोबर कांहीं प्रश्न सुचला तर तोहि लिहा. तास संपला असला तरी चालेल; आम्ही थांबूं.